चौथी टाकी

वर्गात कोणी उशिरा आलं की मी त्याला फळ्यापाशी उभं करते आणि विचारते, गाडीचा सेल्फ लागत नसेल तर सुरुवात कुठून करशील? पोरं घडाघडा म्हणतात, बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, सोलेनॉइड, स्टार्टर. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पनवेलच्या एका आयटीआयमध्ये मी अठरा वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम शिकवतेय, आणि मी नाकावर माशी बसू देत नाही हे पोरं एकमेकांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवतात. त्याच क्रमातली तिसरी पायरी मी स्वतः गाळली. तीही दिवसाढवळ्या, हायवेच्या कडेला, सख्ख्या भावासमोर.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमच्या गावात मोठ्या भावाला दादूस म्हणतात, आणि तो मला बाय म्हणतो. आमची भातशेती होती, ती बहुतेक सगळी वाढत्या शहरात गेली. उरलं ते खाडीच्या बांधालगतचं एक तळं. त्यात दादूसने जिताडा वाढवायचं मनावर घेतलं. जिताडा म्हणजे आमच्याकडचा मानाचा मासा. सरकारदरबारी कोणाचं काम अडलं की साहेबाच्या घरी जिताडा पोचतो, असं आमच्याकडे चेष्टेने म्हणतात, आणि ती सगळीच चेष्टा नसते.

आदल्या वर्षी बांधाची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आतबाहेर सोडायची झडप, भरतीत फुटली आणि सगळी पिल्लं खाडीत गेली. तेव्हापासून शेजारच्या प्लॉटवाल्या बिल्डरची माणसं दर पंधरा दिवसांनी येऊन तळ्यात भराव टाकायची गोष्ट काढत होती. दादूसने शेवटी जेवताना सगळ्यांदेखत सांगून टाकलं, आणखी एकदाच माशांचं बी, म्हणजे पिल्लं, सोडतो, तेही मेलं तर तळं बुजवायला देतो. दादूस बोललेला शब्द फिरवत नाही, ही त्याची खोड आहे. पैशाची त्याला ददात नव्हती. पण तळं बुजलं की सकाळी उठून या माणसाला जायला जागा उरणार नव्हती. गावातले जमिनी विकून बसलेले लोक मी रोज बघते. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात साखळी, आणि नाक्यावर दुपारपर्यंत नुसतं बसायचं. माझा भाऊ त्यांच्यात बसलेला मला बघायचा नव्हता.

तर दसरा होऊन दहा-बारा दिवस झाले होते, आणि ऊन असं पडलं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. दीडच्या सुमाराला वर्गात असताना फोन आला. दादूस एरवी मला फोन करतो तेव्हा आधी जेवलीस का विचारतो. त्या दिवशी विचारलं नाही. म्हणाला, अलिबागच्या पुढून जिताड्याचं बी घेऊन येतोय, शिरढोणजवळ गाडी उभी केली, आता सेल्फ घेत नाय. मी तास सोडला, मल्टिमीटर आणि हत्यारांची पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकली आणि पळस्प्याच्या बाजूने निघाले.

गाडी म्हणजे दादूसचा जुना सहा टायरी ट्रक. पाठीमागे हौद्यात चार निळ्या टाक्या, अर्ध्या-अर्ध्या भरलेल्या, आणि त्यांत बोटाएवढी पिल्लं. पिल्लांना हवा लागते, म्हणून हवेचा एक पंप बसवला होता. त्याच्या चार नळ्या चार टाक्यांत सोडलेल्या, आणि तो चालत होता गाडीच्या बॅटरीवर. दादूस हौद्यात उभा राहून एकेका टाकीत वाकून बघत होता. खाली ड्रायव्हर चाचा उभे होते. साठीच्या पुढचे, पनवेलचेच, आमच्याकडे चौदा वर्षं गाडीवर. ते मला मॅडम म्हणतात. मी कितीदा सांगितलं, तरी ते मॅडमच म्हणतात.

गाडी बंद करायला दादूसनेच सांगितलं होतं. इंजिनाच्या आवाजात पंपाचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून पिल्लं बघायला पाच मिनिटं थांबले. निघताना चावी फिरवली तर नुसतं टक.

मी चाचांना चावी फिरवायला लावली. टक. इंजिन जागचं हललं नाही. धक्का मारायचा प्रश्नच नव्हता, रस्ता चढाचा आणि गाडी पाण्याने भरलेली. दुसऱ्या ट्रकने ओढून चालू करता आली असती, पण त्या हिसक्यांनी पिल्लं टाकीच्या भिंतींवर आपटली असती. दादूस वरून म्हणाला, गाव अजून तासाभरावर हाय, पाणी तापत चाललंय, बघ काय ते लवकर. घाई मलाही सुटली होती, पण चेहऱ्यावर दाखवली नाही. मॅडमपणा अंगात मुरलेला असतो.

ट्रकला दोन बॅटऱ्या असतात, एकीला एक जोडलेल्या, मिळून चोवीस व्होल्ट. मी मीटर लावला. एक बॅटरी ठणठणीत, दुसरी उतरलेली. का, ते डोळ्यांसमोरच होतं. पंप बारा व्होल्टचा, म्हणून दादूसने त्याच्या वायरी दोनांतल्या एकाच बॅटरीला लावल्या होत्या. हा जुगाड आमच्याकडे निम्म्या ट्रकांवर असतो, गाणी वाजवायला नाहीतर पंखा लावायला. त्याने एक बॅटरी बिचारी दिवसरात्र राबते आणि दुसरी आराम करते. मी यावर वर्गात अख्खा तास घेते. आणि हे माझ्याच घरच्या गाडीवर. मी दादूसला तिथेच फैलावर घेतलं. तो ओठ आवळून टाकीत बघत राहिला. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. दोष सापडला होता, तो माझा नव्हता आणि मला तो ओळखता आला होता.

तेव्हा चाचा हळूच म्हणाले, "मॅडम, एक बार अर्थिंग पण बघून घ्या."

अर्थिंग म्हणजे करंटची परतीची वाट. बॅटरीतून स्टार्टरकडे करंट जाड केबलने जातो, पण परत यायला तो गाडीचं लोखंडच वापरतो. त्यासाठी बॅटरीची वजा बाजू एका विणलेल्या पट्टीने गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, बोल्टने आवळलेली असते. ती पट्टी नीट बसली नसेल तर बॅटरी कितीही भरलेली असो, स्टार्टर फिरत नाही. चाचा बरोबर बोलत होते. क्रमानेही तेच होतं.

मी म्हटलं, "ती मी स्वतः बसवलीय, चाचा."

आणि ते खरं होतं. दसऱ्याच्या आधी दादूसने गाडी रंगवून घेतली होती, त्यासाठी बॅटऱ्या आणि पट्ट्या उतरवल्या होत्या. दसऱ्याच्या सकाळी अंगणात सगळं घर जमलेलं असताना तो मला म्हणाला, बाय, लाव तू. माझं सगळं शिक्षण या कामातलं, नोकरी या कामातली, गावभर तो माझी कौतुकं सांगतो. पण स्वतःच्या गाडीला त्याने मला त्याआधी कधी हात लावू दिला नव्हता. लहानपणी सायकलची चेन चढवायला गेले तरी हातातून पाना काढून घ्यायचा. त्या दिवशी त्याने स्वतःच्या खिशातला पाना काढून माझ्या हातात दिला. मी बॅटऱ्या बसवल्या, पट्ट्या आवळल्या, सेल्फ मारला, गाडी एका झटक्यात चालू झाली. वहिनीने टाळ्या वाजवल्या. ते काम कोणी तपासावं ही कल्पनाच मला सहन होणारी नव्हती.

दादूसने वरून माझीच बाजू घेतली. चाचांना म्हणाला, "तुमी गाडी चालवा, चाचा. बाय पोरांना तेच शिकवते." चाचा दोन पावलं मागे सरले.

मग मी हुकूम सोडले. एक ट्रक थांबवायचा, जंपर केबलने त्याच्या बॅटऱ्या आपल्याला जोडायच्या, सेल्फ मारायचा. आणि तोवर पंप बंद, म्हणजे उतरलेली बॅटरी आणखी उतरणार नाही. पंप बंद म्हटल्यावर दादूसने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दहा मिनिटं, हाताने पाणी हलवत राहायचं. मगाने पाणी उचलायचं आणि उंचावरून टाकीत सोडायचं, की त्याच्याबरोबर थोडी हवा जाते. हे दादूसला माझ्याहून चांगलं माहीत होतं. त्याने एका टाकीवर काम सुरू केलं, मग दुसरीवर. पंपाची घरघर थांबल्यावर रस्त्याचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

चाचांनी हात दाखवून एक ट्रक थांबवला. ड्रायव्हर भला माणूस निघाला, केबल घेऊन उतरला, आणि माशांचं कळल्यावर न सांगता हौद्यात चढून तिसऱ्या टाकीवर मग घेऊन बसला. चौथी टाकी केबिनच्या मागे, कोपऱ्यात. ती माझ्या वाट्याला आली. मी चार मग पाणी वर-खाली केलं आणि केबल जोडायला खाली उतरले. म्हटलं, आता गाडी चालूच होतेय.

केबल लागल्या. चाचा केबिनमध्ये बसले. मी म्हटलं, मारा.

टक.

पुन्हा. टक. क्लिपा काढून, घासून, पुन्हा लावल्या. टक. दादूसने वरून विचारलं, आता दुसऱ्या गाडीच्या बॅटऱ्या लागल्या हायेत, पंप चालू करू का? साधं, शहाणं विचारलं होतं. हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. मी म्हटलं, "थांब जरा, सगळा जोर सेल्फला जाऊ दे, आता होईल."

ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा वाईट. पहिलीत निदान स्वतःच्या कामावरचा विश्वास होता. या वेळी मला नुसतं बरोबर ठरायचं होतं.

मग मी स्टार्टरच्या मागे लागले. कधीकधी स्टार्टरचे ब्रश अडकतात, लोखंडाने ठोकलं की सुटतात. मी ट्रकखाली सरकून जॅकच्या दांड्याने ठोकलं. टक. सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला करंट सोडणारा स्विच, त्याची दोन टोकं स्क्रूड्रायव्हरने जोडून पाहिली. असं केलं की मोठी ठिणगी उडते, नवखे घाबरतात. माझ्या स्क्रूड्रायव्हरवर उदबत्तीएवढीही ठिणगी उडाली नाही. तिथेच मला कळायला हवं होतं. करंटला परत जायला वाट नाही, म्हणून ठिणगी नाही. पण डोक्यात सोलेनॉइड बसला होता. मी म्हटलं सोलेनॉइड गेला, आणि रोडपालीच्या बाजूला स्पेअर कुठे मिळेल याचा मोठ्याने विचार करायला लागले. तिकडे जाऊन यायला कमीत कमी तास.

केबिनच्या खिडकीतून चाचा दुसऱ्यांदा म्हणाले, "मॅडम, अर्थिंग."

"चाचा, तुम्ही चावीकडे बघा," मी म्हटलं. आवाज चढलेला होता, माझा मलाच ऐकू आला.

आणि तेवढ्यात दादूसने मला हाक मारली. ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "बाय, वर ये."

मी हौद्यात चढले. पहिल्या तीन टाक्यांत पिल्लं पृष्ठभागाजवळ आली होती, तोंडं वर करून. दादूसचा शर्ट पाठीला चिकटला होता, तो आणि तो अनोळखी ड्रायव्हर तीन टाक्यांत पाणी उपसत होते. माझ्या वाट्याच्या चौथ्या टाकीकडे कोणाचाच हात पोचला नव्हता. तिच्यात काही पिल्लं एका कुशीवर पडली होती, पांढरं पोट दिसत होतं, आणि बाकीची सैरावैरा भिंतीला धडकत होती. मला त्या क्षणी भावाची इतकी भीती वाटली, जितकी लहानपणी बाबांचीही वाटली नव्हती. तो रागावेल याची भीती नव्हती. तो आता म्हणेल, राहू दे, देऊन टाकू तळं, याची होती. त्याच्या चेहऱ्यावर ते वाक्य येऊन थांबलेलं मला दिसत होतं.

मी पंप चालू केला. हे तरी मी विचार न करता केलं. पंप थेट बॅटरीवर होता, लगेच घरघरायला लागला. आणि त्या आवाजाने माझ्या डोक्यातलं काहीतरी जागेवर आलं. पंप धडधडीत चालतोय, म्हणजे बॅटरी मेलेली नाही. मग चोवीस व्होल्ट जातात कुठे?

खाली उतरून मी मीटर हातात घेतला आणि जे पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं होतं ते केलं. एक टोक बॅटरीच्या वजा टर्मिनलवर, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडावर. अर्थिंग चांगली असेल तर या दोन जागा एकच असतात आणि चावी फिरवताना मीटर जवळजवळ शून्यावर राहतो. मी म्हटलं, चाचा, मारा. टक झालं आणि मीटरने बावीस दाखवले.

बॅटरीचा सगळा जोर त्या एका पट्टीपाशी अडून बसला होता. माझ्या पट्टीपाशी.

मी चासीखाली मान घातली. पट्टीचा बोल्ट छान आवळलेला होता, मी आवळलेला. आणि पट्टीच्या टोकाखाली दसऱ्याचा लालभडक ऑइल पेंट तसाच चकचकीत होता. रंगावर पट्टी बसवली की लोखंडाला लोखंड लागतच नाही. बोल्टच्या एखाद-दुसऱ्या आट्याने इतके दिवस कसाबसा करंट नेला होता, आणि आज तो आटाही जळून काळा पडला होता. पट्टी लावण्याआधी खालचा रंग कानशीने खरवडायचा असतो. हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? त्या सकाळी मी कानस मागितलीही होती. पण दसरा होता. घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडलेली, हळद-कुंकू वाहिलेलं, झेंडू ठेवलेला, आणि पूजेला मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही ही आमची रीत. बाहेर राहिला होता तो फक्त दादूसच्या खिशातला पाना. मी म्हटलं, आता बोल्ट आवळून घेऊ, रंग उद्या खरवडू. उद्या वर्ग होते, परवा परीक्षा, आणि नंतर ते डोक्यातूनच गेलं. टाळ्या मात्र डोक्यात राहिल्या.

मी जंपर केबलची काळी तार काढली आणि तिचं एक टोक आमच्या बॅटरीच्या वजा टर्मिनलवर लावलं, दुसरं थेट इंजिनावर. करंटला दुसरी वाट दिली, झालं; उतरलेली बॅटरी एव्हाना त्या ट्रकवरून थोडी भरली होती. घाईत क्लिप दोनदा निसटली. म्हटलं, मारा.

इंजिन एका दमात चालू झालं. धुराचा लोट आला, दादूस वरून काहीतरी बोलला ते ऐकू आलं नाही. तो ड्रायव्हर हसत खाली उतरला. मी पट्टी सोडवायला वाकले, कारण त्याची केबल त्याला परत द्यायची होती आणि त्याआधी आमची अर्थिंग नीट बसवायची होती. खालचा रंग खरवडायला काहीतरी हवं म्हणून मी मागे वळले, तर मागायच्या आधीच चाचांनी कानस पुढे धरलेली होती. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. चकाकतं लोखंड दिसेपर्यंत रंग काढला, पट्टी बसवली, आवळली. दादूसने वरून वाकून विचारलं, काय होतं?

"कनेक्शन," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं टाळायला अठरा वर्षांच्या शिकवण्यातला एवढाच शब्द मला सापडला.

स्कूटर तिथल्याच एका टपरीवाल्याच्या ओळखीवर ठेवून मी हौद्यात बसून गेले, चौथ्या टाकीशेजारी. सगळा रस्ता हाताने पाणी हलवत राहिले. काही पिल्लं सावरली. बरीच सावरली नाहीत. दादूस माझ्या समोर बसला होता आणि वहिनीला फोनवर सांगत होता की बायने गाडी चालू केली, बाय नसती तर सगळं गेलं असतं. मी त्याला थांबवायला हवं होतं. इंजिनाचा आवाज होता, वारा होता, ही कारणं मी मनात गोळा करत राहिले.

तळ्यावर पोचेस्तोवर चार वाजले होते. पिल्लं एकदम सोडत नाहीत, तळ्याचं पाणी थोडंथोडं टाकीत मिसळायचं, पिल्लांना त्याची सवय होऊ द्यायची, मग टोपलीने सोडायचं. पहिल्या तीन टाक्यांतली पिल्लं तळ्यात गेली आणि क्षणात पाण्याखाली दिसेनाशी झाली. दादूस गुडघाभर पाण्यात उभा राहून बराच वेळ तिकडे बघत होता. मग त्याने चौथी टाकी कलती केली. जगलेली वेगळी काढली, मेलेली बादलीत घेतली. बादली तळापासून वीतभर भरली. तो म्हणाला, तीन टाक्या आल्या, पुष्कळ झालं, तळं राहतंय आता. त्याच्या आवाजात मी महिन्यांत ऐकला नव्हता असा हलकेपणा होता, आणि तो ऐकून मला धीर आला की लाज वाटली, हे मला अजून नीट सांगता येत नाही. दोन्ही झालं असावं.

मी सांगितलं. पाण्यात उभी राहूनच सांगितलं, रंग, कानस, बोल्ट, बंद केलेला पंप, सगळं. ही बादली माझी आहे म्हटलं.

दादूस ऐकत राहिला. बादलीचं कडं त्याने हातातून सोडलं नाही. कानस त्या दिवशी पाटावरून कोणी उचलू दिली नाही, ते त्यालाही आठवत असणार, पण त्याने ते काढलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "मला काय सांगतंस? चाचाला सांग. मी पण बोललो त्यांना."

चाचा ट्रकच्या सावलीत बसून पाय पुसत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, मालूम आहे मॅडम. दसऱ्याला गाडीला हार घालायला ते अंगणातच होते. मी रंगावर पट्टी आवळली ते त्यांनी तेव्हाच बघितलं होतं.

बघितलं होतं, तर तेव्हाच का नाही बोललात, मी विचारलं.

चाचांनी पायावरचा चिखल काढत सांगितलं, "भावाने पहिली दफा तुमच्या हातात पाना दिला होता. सगळं घर बघत होतं. त्या टायमाला मी कसा टोकू? दुसऱ्या दिवशी मी स्वतः करणार होतो, ते राहून गेलं."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग जास्त होता. असली दया मला नको होती. चारचौघांत माझी लाज जाऊ नये म्हणून ते गप्प राहिले, आणि त्याची किंमत बादलीत पडली होती. मी म्हटलं, "चाचा, पुढच्या वेळी मी चुकले तर सगळ्यांसमोर टोका. कोणी असो समोर."

त्यांनी फडकं झटकलं, घडी घातली आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"आज टोकलं ना, मॅडम," ते म्हणाले. "दोन बार."